कार्डाचं नाव एकच, मग लॅपटॉपही एकच?

सोलापुरात गेमिंग लॅपटॉप घ्यायला निघालेल्या पोराला हमखास ऐकवलं जातं: ‘आरटीएक्स ४०६० हे ग्राफिक्स कार्ड बघ आणि स्वस्तातला उचल. कार्ड तेच, कंपनी कुठली का असेना.’ हे खरं नाही.

लॅपटॉपमधलं हे कार्ड, म्हणजे गेमची चित्रं पडद्यावर उमटवणारी चिप, ३५ ते ११५ वॅटपर्यंत कितीवर चालवायची, हे लॅपटॉप बनवणारी कंपनी ठरवते. पातळ, देखण्या मॉडेलात बहुधा कमी वॅट, जाडजूड मॉडेलात जास्त. स्टिकर मात्र दोन्हीवर तोच! कमी वॅटचं ४०६० पूर्ण वॅटच्या ४०५० च्या, म्हणजे खालच्या दर्जाच्या कार्डाच्याही मागे पडू शकतं.

त्यात आपला उन्हाळा. एप्रिल-मेमध्ये पारा ४० च्या वर. लॅपटॉपचा पंखा खोलीतलीच गरम हवा आत ओढतो, चिप तापली की स्वतःच वेग उतरवते आणि ऐन मारामारीत गेम अडखळतो. गादीवर ठेवून खेळणाऱ्यांचं तर विचारूच नका, खालची जाळीच बंद.

नवी पेठेतल्या दुकानात गेलात तर थेट ‘टीजीपी किती?’ विचारा, म्हणजे कार्डाला जास्तीत जास्त किती वॅट मिळतात. ‘सगळे सारखेच’ असं उत्तर आलं, तर मॉडेल नंबर टिपून कंपनीच्या साइटवर वॅटचा आकडा बघा. रॅम बऱ्याच गेमिंग मॉडेलांत नंतर वाढवता येते. कार्ड मदरबोर्डलाच जोडलेलं असतं, ते बदलायची सोय जवळपास कुठेच नसते.