60 मीटरचं हॉटेल आणि मंदिराच्या दारातली पाटी: क्योटोच्या भांडणाची पार्श्वभूमी

जपानच्या क्योटो शहरात नवीन हॉटेल उभं राहिलं की लोक चिडतात, फोटो टाकतात, "हे काय बांधून ठेवलंय" म्हणतात, आणि बाहेरच्या माणसाला वाटतं की हा सगळा टूरिस्टांच्या गर्दीचा राग आहे. गर्दीचा राग आहेच, पण हे भांडण गर्दीच्या कितीतरी आधीचं आहे आणि त्याचा खरा मुद्दा उंचीचा आहे, त्यातही उंचीच्या नियमातून सूट कोणाला आणि कशाच्या बदल्यात मिळाली याचा.

फार मागे जात नाही. 1964 पासून धरू. त्या वर्षी स्टेशनसमोर 131 मीटरचा पांढरा टॉवर उभा राहिला. खाली हॉटेल आणि दुकानांची 31 मीटरची बिल्डिंग, तिच्या डोक्यावर 100 मीटरचा मनोरा. इमारतीला मर्यादा 31 मीटरचीच होती, मग हे बसलं कसं? तर वरचा भाग कायद्याने "इमारत" नाहीच, छतावर ठेवलेली रचना आहे, असं धरलं गेलं. लेखक-प्राध्यापक मंडळींनी तेव्हा भरपूर शिव्या घातल्या, मेणबत्ती म्हणून चेष्टाही झाली. बांधणाऱ्यांचं म्हणणं, हे कौलांच्या लाटांवरचं दीपगृह आहे. आज त्याच टॉवरचे मॅग्नेट आणि कीचेन विकले जातात आणि बरेच क्योटोकर तो दिसला की घरी आलो म्हणतात. दरवेळी कोणीतरी हेच उदाहरण तोंडावर फेकतं, की बघा, सुरुवातीला सगळेच ओरडतात, नंतर सवय होते. मला हा युक्तिवाद अर्धवट वाटतो, कारण सवय शेवटी सगळ्याचीच होते.

1973 ला शहराने भागाभागानुसार इमारतींच्या उंचीची मर्यादा ठरवणारे पट्टे आखले, मध्यवर्ती भागातल्या मोठ्या रस्त्यांवर 45 मीटर, आतल्या भागात त्याहून कमी. पंधराएक वर्षं तसं बरं चाललं. मग ऐंशीच्या दशकात जपानमध्ये जमिनीचे भाव अवास्तव फुगले, आणि इथून पुढे जरा सावकाश सांगतो कारण सगळा गुंता इथेच आहे.

1988 मध्ये पालिकेने एक सवलत योजना लागू केली. तुम्ही तुमच्या प्लॉटवर लोकांसाठी मोकळी जागा सोडा, त्या बदल्यात जादा एफएसआय (म्हणजे त्याच प्लॉटवर जास्त बांधकामाची परवानगी) घ्या आणि 45 च्या पट्ट्यात 60 मीटरपर्यंत चढा. कागदावर हे छानच दिसतं, दाट वस्तीत चार झाडं, बसायला जागा, चालायला रुंद फुटपाथ. पण देवाणघेवाण नीट बघा. मोकळी जागा मिळते ती त्या रस्त्यावरून जाणाऱ्यांना, आणि जादा 15 मीटर दिसतात ते अख्ख्या शहराला. खोरं आहे ते, तीन बाजूंनी डोंगर, आणि शहराची ओळख म्हणजे रस्त्याच्या टोकाला दिसणारा डोंगर. एका चौकातल्या पेव्हर ब्लॉकच्या बदल्यात तो डोंगर कोणी आणि कोणाच्या वतीने विकायचा, हा प्रश्न योजना करताना कोणाला पडला असेल असं दिसत नाही.

या योजनेखाली पहिलं मोठं नाव आलं ते कावारामाची आणि ओइके या रस्त्यांच्या चौकातल्या जुन्या हॉटेलचं. हे हॉटेल एकोणिसाव्या शतकातलं, शहरातलं अगदी प्रतिष्ठेचं. त्यांनी जुनी बिल्डिंग पाडून 60 मीटरची नवीन बांधायचं ठरवलं. 1994 ला शहराच्या स्थापनेला 1200 वर्षं होणार होती, त्यामुळे मुहूर्तही तयार होता. तोजी मंदिराचा पाच मजली पॅगोडा जवळपास 55 मीटर, आणि इमारतींनी त्याच्या वर जाऊ नये असा एक अलिखित संकेत शहरात मानला जायचा, निदान लोक तसं सांगायचे (टॉवरने तो आधीच मोडला होता, पण टॉवर "इमारत" नव्हता ना).

विरोध बऱ्याच जणांनी केला, वकील, आर्किटेक्ट, शेजारचे रहिवासी. पण जगभर बातमी झाली ती बौद्ध मंदिरांच्या संघटनेमुळे. ही मंडळी लढाईला नवी नव्हती. 1985 ला पालिकेने मंदिराच्या तिकिटावर कर लावला तेव्हा मोठमोठ्या मंदिरांनी सरळ दारं बंद केली होती, टूरिस्ट बाहेर, हॉटेल-दुकानांचा धंदा बसला, आणि शेवटी 1988 ला कर गेला. म्हणजे ज्या वर्षी मंदिरांनी पालिकेला माघार घ्यायला लावली त्याच वर्षी उंचीची सवलत आली. योगायोग असेल, पण दोन्ही बाजू गरम होत्या हे खरं.

या वेळी त्यांनी दारं सगळ्यांना बंद केली नाहीत. किंकाकुजी (सोनेरी मंडपाचं मंदिर), कियोमिझू वगैरे मंदिरांनी प्रवेशाशी पाट्या लावल्या, आशय असा की अमुक हॉटेलात उतरलेल्या पाहुण्यांना आत प्रवेश नाही. आता कल्पना करा, लांबून आलेलं कुटुंब, हातात कॅमेरा, सोनेरी मंडप बघायचा म्हणून दारात पोचलंय आणि समोर ही पाटी. ओळखायचं कसं कोण कुठे उतरलंय? कपाळावर तर लिहिलेलं नसतं. म्हणजे अंमलबजावणी जवळपास अशक्य, पण पाटी होती, आणि हॉटेलच्या नावाला लागायचा तो डाग लागलाच. ज्या पाहुण्याचा या भानगडीत काडीचा संबंध नाही त्याला वेठीला धरणं मला पटत नाही. पण कागदावरच्या हरकतींना कोणी विचारत नव्हतं आणि पाटीने एका दिवसात जे झालं ते निवेदनांनी झालं नसतं हेही तितकंच खरं.

कोर्टातही गेले. 1992 मध्ये कोर्टाने बांधकाम थांबवायला नकार दिला. मंदिरांचं म्हणणं होतं की ऐतिहासिक, धार्मिक वातावरण टिकवणं हा हक्क आहे, पण बांधकाम रोखण्याइतका ठोस हक्क कोर्टाला त्यात दिसला नाही. नियमात बसतंय, मंजुरी आहे, बांधा. 1994 च्या उन्हाळ्यात हॉटेल उघडलं. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये क्योटोची 17 ठिकाणं जागतिक वारसा यादीत गेली, म्हणजे एकाच वर्षात 60 मीटरही आणि वारसाही.

तुम्ही आज ती बिल्डिंग बघितलीत तर म्हणाल, एवढी काय भयानक आहे? खरंय, भयानक नाहीये, फिकट रंगाची साधी मोठी बिल्डिंग आहे, दुसऱ्या कुठल्या महानगरात कोणी मान वर करून बघितलंही नसतं. दरवर्षी 16 ऑगस्टला डोंगरांवर जे होळीसारखे जाळ पेटतात, त्यातलं दाइमोंजी ("मोठा" या अर्थाच्या अक्षराच्या आकाराचा जाळ) बघायला आता उंच हॉटेलं पाहुण्यांना खास पॅकेज देतात. ज्या उंचीमुळे खालच्या माणसाचा डोंगर झाकला जातो तीच उंची वर तिकीट लावून विकायची, यावर लोक वैतागले तर नवल नाही.

1997 ला नवीन स्टेशन आलं, ते पण 60 मीटर, लांबी साधारण 470 मीटर, त्यातही हॉटेल. शहराच्या मधोमध घातलेली भिंत म्हणून त्यालाही शिव्या बसल्या, पण तोवर 60 चा आकडा जुना झाला होता.

2007 ला मात्र शहराने काटा उलटा फिरवला. मोठ्या रस्त्यांवर 45 चे 31 मीटर, आतल्या भागात 31 चे 15, छतावरच्या जाहिराती बंद, चमचमणारे दिवे बंद, आणि 38 ठिकाणांहून दिसणाऱ्या दृश्यांना संरक्षण. एवढं कडक धोरण मोठ्या शहरात फार कमी ठिकाणी आहे. जुन्या उंच बिल्डिंगा नियमाबाहेरच्या ठरल्या, तशाच्या तशा पुन्हा बांधता येणार नाहीत, म्हणून फ्लॅटवाल्यांचाही विरोध होता, तरी झालं.

गंमत पुढे आहे. 2016 ला त्याच पालिकेने ठरवलं की 2020 पर्यंत हॉटेलच्या 40 हजार खोल्या हव्यात. आकडा मुदतीच्या आधीच ओलांडला गेला. आता 31 मीटरमध्ये खोल्या कोंबायच्या तर काय होणार, 10 मजले, प्रत्येक मजल्याची उंची कमीत कमी, खिडक्यांच्या सारख्या रांगा, प्लॉटच्या कडेपर्यंत भरलेला डबा. त्यावर नियम पाळायला तपकिरी किंवा राखाडी रंग, पुढे नावापुरतं छप्पर, लाकडासारख्या दिसणाऱ्या पट्ट्या. लोक आता ज्याला कुरूप म्हणतात ते बरंचसं हेच आहे, टॉवर नाहीच. जागेच्या लिलावात ऑफिसं आणि घरं हॉटेलांपुढे टिकली नाहीत. 2019 च्या शेवटी महापौरांना जाहीर सांगावं लागलं की रहिवाशांना नको असलेली हॉटेलं आम्हालाही नकोत, पण 40 हजारांचं धोरण कोणाचं होतं ते विचारायचं नाही.

आणि सूट परत आलीच. यावेळी "उच्च दर्जाच्या" हॉटेलांसाठी, आणि वाद पेटला तो निन्नाजीच्या दारासमोरच्या हॉटेलवरून. निन्नाजी वारसा यादीतलं मंदिर, आणि तिथल्या वस्तीत अशा बांधकामाला 3000 चौरस मीटरची मर्यादा, प्रस्ताव त्याच्या जवळपास दुप्पट. इथे उंचीचा प्रश्न कमी, आकाराचा जास्त, पण शेजाऱ्यांचा सवाल 1988 चाच, आम्हाला लागू असलेला नियम त्यांना का नाही.

2023 ला स्टेशनच्या दक्षिणेला आणि शहराच्या कडेच्या काही पट्ट्यांत उंचीची मर्यादा वाढवली, काही ठिकाणी काढूनच टाकली. कारण दिलं ते तरुण कुटुंबं शहर सोडून चाललीत, घरं आणि ऑफिसं हवीत. मध्यभागाचे 31 मीटर अजून जागेवर आहेत. मोकळ्या केलेल्या पट्ट्यांत खरंच घरं येतात की पुन्हा हॉटेलंच, त्यावर आता तिथल्या लोकांचं लक्ष आहे.