केर्गेलेन द्वीपसमूह

दक्षिण हिंदी महासागरातील फ्रान्सच्या ताब्यातील, कायम वस्ती नसलेली बेटे. सु. ४९° द. अक्षांश व ७०° पू. रेखांशाच्या आसपास, नाशिकच्या जवळजवळ सरळ दक्षिणेस सु. ७,७०० किमी. ग्रँड तेर (६,६७५ चौ. किमी.) हे मुख्य बेट, सभोवती सु. ३०० बेटे व खडक. एकूण क्षेत्रफळ सु. ७,२१५ चौ. किमी., म्हणजे नाशिक जिल्ह्याच्या निम्म्याहून थोडे कमी. माँ रॉस (१,८५० मी.) हे सर्वोच्च शिखर.

बेटांचा बहुतेक भाग आडव्या लाव्हाथरांचा. मऊ थर आधी झिजल्याने डोंगरांना पायऱ्या पडल्या आहेत. अंजनेरीचे कडे पाहिलेल्यास ही रचना ओळखीची वाटेल. नाशिक-सिन्नर भागातील विहिरींच्या खोदाईत काळ्या खडकाच्या पोकळ्यांतून निघतात तसे झिओलाइट खनिजांचे स्फटिक तेथेही आढळतात. मात्र या साम्यावरून दोन्हींचा उगम एक समजणे बरोबर नाही. दख्खनचा लाव्हा सु. ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा असून त्याचा संबंध सामान्यतः रियुनियन तप्तबिंदूशी (तप्तबिंदू म्हणजे पृथ्वीच्या पोटातून उष्ण द्रव्य दीर्घकाळ वर येत राहते ती जागा) जोडतात, केर्गेलेन तप्तबिंदूशी भारतात संबंध लावला जातो तो झारखंडातील राजमहाल टेकड्यांच्या बेसाल्टचा, म्हणजे लाव्ह्याच्या काळ्या खडकाचा (सु. ११.७ कोटी वर्षे). बेटांवर उघडे पडलेले थर बरेच अलीकडचे, बहुधा ३ ते २.४ कोटी वर्षांपूर्वीचे. भोवतालचे सागरी पठार निव्वळ लाव्ह्याचे की त्यात खंडीय कवचही आहे, हा वाद जुना. पठाराच्या एलन बँक भागातील वेधनात (समुद्रतळाला छिद्र पाडून नमुने काढताना) पट्टिताश्माचे (नीस या खंडीय कवचात आढळणाऱ्या खडकाचे) गोटे मिळाल्यापासून, निदान त्या भागाखाली भारतापासून तुटलेला तुकडा असावा, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

१२ फेब्रुवारी १७७२ रोजी ईव्ह द केर्गेलेन या फ्रेंच दर्यावर्दीला ही बेटे दिसली. तो स्वतः किनाऱ्यावर उतरला नाही, तरी मायदेशी त्याने समृद्ध भूमीचे वर्णन केले. दुसऱ्या सफरीनंतर त्याला तुरुंगवास घडला. १७७६ च्या डिसेंबरात आलेल्या जेम्स कुकला ‘उजाड बेट’ हे नाव अधिक योग्य वाटले. पुढे सील व देवमाशांचे शिकारी येत राहिले. १८९३ मध्ये फ्रान्सने रीतसर ताबा घेतला. पोर-ओ-फ्रांसे या संशोधन तळावरील कर्मचारी पाळीपाळीने बदलतात. कायम वस्ती नाही. २०१९ मध्ये जागतिक वारसा यादीत समावेश.

स्कर्व्हीवर (क जीवनसत्त्वाच्या अभावाने होणाऱ्या रोगावर) उतारा म्हणून खलाशी खात तो केर्गेलेन कोबी येथे उगवतो. शुक्राचे अधिक्रमण (सूर्यबिंबावरून शुक्र सरकताना दिसणे) पाहण्यास १८७४ मध्ये आलेल्या ब्रिटिश पथकाने ससे सोडले. कोबी आता मुख्यतः उभ्या कड्यांवर आणि ससे न पोहोचलेल्या बेटांवर उरला आहे.