वाफ मोजायची तर घाई चालत नाही

एमटीबीई (एक ईथर) आणि हेप्टेन (एक हायड्रोकार्बन) यांचे रेणू निम्मे-निम्मे घेऊन मिश्रण 55 अंश सेल्सिअसवर ठेवले, तर वरच्या वाफेत ते निम्मे-निम्मे राहत नाहीत. शंभर रेणूंपैकी सुमारे 80 एमटीबीईचे असतात. एमटीबीई 55 अंशांनाच उकळते, हेप्टेनला 98 अंश लागतात. द्रव आणि वाफ यांच्यातल्या या स्थिरावलेल्या वाटणीला बाष्प-द्रव समतोल म्हणतात.

हा 80 चा आकडा मी राऊल्टच्या नियमाने काढला. द्रवातला वाटा गुणिले शुद्ध पदार्थाचा बाष्पदाब (त्याच्या वाफेचा दाब), इतकेच गणित. मात्र हा नियम धरून चालतो की शेजारी कोणताही असो, रेणूला फरक पडत नाही. ईथर आणि हायड्रोकार्बनच्या बाबतीत नियम फारसा चुकत नाही, प्रत्यक्ष दाब थोडा जास्त भरतो. त्यात अल्कोहोल आले की चित्र पालटते. अल्कोहोलचे रेणू हायड्रोजन बंधांनी, म्हणजे रेणूंमधल्या एका प्रकारच्या ओढीने, एकमेकांना धरून असतात. हायड्रोकार्बनच्या गर्दीत ते बंध तुटतात आणि रेणू सहज निसटतात. एमटीबीईसारखेच दुसरे ईथर, ईटीबीई, तर इथेनॉल या अल्कोहोलपासून आणि आयसोब्युटीन या हायड्रोकार्बनपासूनच बनते, त्यामुळे शुद्धीकरणाच्या (ऊर्ध्वपातनाच्या) स्तंभाची आखणी करताना हे आकडे लागतातच.

मोजण्याचा एक मार्ग म्हणजे फिरते उपकरण. द्रव उकळतो, कॉट्रेल पंपाच्या अरुंद नळीतून बुडबुडे द्रवाला सोबत घेऊन वर चढतात आणि तापमापकावर आदळतात. वाफ थंड होऊन पुन्हा पात्रात परतते. तापमान हलायचे थांबले की द्रव आणि वाफ दोन्हींचे नमुने काढून गॅस क्रोमॅटोग्राफमध्ये, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रात, तपासायचे. 55 अंशांच्या आसपास एमटीबीईचा दाब दर अंशाला तीन किलोपास्कलहून अधिक वाढतो, म्हणून अंशाच्या दहाव्या भागाची चूकसुद्धा निकालात उमटते.

दुसरी पद्धत स्थिर पात्राची. आधी द्रवांतली विरघळलेली हवा काढून टाकावी लागते, नाहीतर तिचा दाबही मोजला जातो. मग फक्त एकूण दाब नोंदवतात. वाफेतले घटकांचे प्रमाण गिब्ज-ड्यूहेम समीकरणातून, म्हणजे एका घटकाचे वागणे दुसऱ्याच्या वागण्याशी बांधणाऱ्या नियमातून, काढतात.

मला यातली एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. फिरत्या उपकरणात दाब, तापमान, द्रव आणि वाफ हे सारेच मोजलेले असते, आणि तेच समीकरण त्या आकड्यांचा परस्परांशी मेळ बसतो का हे दाखवते. स्थिर पद्धतीत मात्र वाफ त्या समीकरणातूनच आलेली असते. मेळ बसणारच, त्यावरून मोजणी अचूक होती असे म्हणता येत नाही.