गोळी दुखरी जागा शोधत नाही

डोकेदुखीची गोळी डोक्याकडे आणि गुडघेदुखीची गुडघ्याकडेच जाते, असा समज फार जुना आहे. आराम नेमका तिथेच पडत असल्याने तो स्वाभाविकही वाटतो. प्रत्यक्षात आयबुप्रोफेन हे नेहमीचे वेदनाशामक रक्तातून शरीरभर पोहोचते आणि प्रोस्टाग्लँडिन हे रसायन तयार करणाऱ्या सायक्लोऑक्सिजनेज या विकराला (एन्झाइमला) अडवते. इजा झालेल्या जागी प्रोस्टाग्लँडिन वाढून वेदना वाहणारे मज्जातंतू हळवे झालेले असतात, म्हणून फरक तिथे जाणवतो. मात्र जठराच्या अस्तराचे रक्षणही तेच रसायन करत असल्यामुळे गुडघ्यासाठी घेतलेली गोळी पोटात जळजळ करू शकते, आणि दम्याच्या काही रुग्णांना तिने धापही लागते. पडताळणीसाठी दोन निराळ्या दुखण्यांच्या गोळ्यांच्या पाकिटांवरील घटक वाचावेत. नावे वेगळी असली तरी घटक पुष्कळदा एकच निघतो, आणि दोन्ही एकत्र घेतल्यास मात्रा नकळत वाढते.