बॅकअपची डिस्क झोपली, की तुटली?

लॅपटॉप मिटून जेवायला गेलात, परत येऊन उघडलात, तर यूएसबीने जोडलेली बॅकअपची हार्ड डिस्क दाद देत नाही. नवीन घ्यायला पुण्याची तपकीर गल्ली गाठण्याआधी एवढं बघा: ती झोपली आहे, की तिचा संपर्कच तुटला आहे?

झोपलेली डिस्क लगेच ओळखता येते. आयकॉन जागच्या जागी असतो. फोल्डर उघडलं की घरघर सुरू होते, पाच-दहा सेकंद काहीच दिसत नाही, मग फायली येतात. काम नसताना आतली तबकडी थांबली होती, इतकंच. (एसएसडीत तबकडीच नसते, तिथे घरघर शोधू नका.) माझ्या मते तिला झोपू द्यावं.

तुटणं मात्र गंभीर. उठल्याउठल्या मॅक ‘डिस्क नॉट इजेक्टेड प्रॉपर्ली’ म्हणून ओरडतो. विंडोजमध्ये ड्राइव्हचं अक्षर गायब होतं किंवा यूएसबी निघाल्या-लागल्याचा आवाज येतो. बॅकअप चालू असताना हे झालं तर फाइल अर्धवट राहते. डिस्कवर फायली मांडायच्या पद्धतींपैकी विंडोजची एनटीएफएस आणि मॅकची एपीएफएस अशा धक्क्यातून बहुधा सावरतात; दोन्हीकडे चालणाऱ्या एक्सफॅटमध्ये जर्नल (बदलांची आगाऊ नोंदवही) नसल्याने तिथे धोका जास्त.

बहुतेकांची गल्लत उपायात होते. डिस्क तुटते म्हणून ते विंडोजमधलं ‘टर्न ऑफ हार्ड डिस्क आफ्टर’ किंवा मॅकवरचं ‘पुट हार्ड डिस्क्स टू स्लीप’ बंद करतात. त्याने तबकडी फिरत राहील, पण स्लीपमध्ये पोर्टची वीज जायची ती जाईलच. पहिला संशय हबवर, म्हणजे एका पोर्टचे अनेक पोर्ट करणाऱ्या जोडावर घ्या. 2.5 इंची डिस्क पोर्टच्याच विजेवर चालते, आणि प्रमाणानुसार यूएसबी 2.0 पोर्ट 500, तर 3.0 पोर्ट 900 मिलिअँपिअर देतं. बिनअडॅप्टरच्या हबवर त्यातच माउस आणि पेनड्राइव्ह वाटेकरी होतात. डिस्क थेट लॅपटॉपला लावा, केबल बदलून बघा. तरीही तुटली तर विंडोजमध्ये पॉवर ऑप्शन्समधलं ‘यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड’ बंद करा, आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये यूएसबी रूट हबच्या पॉवर मॅनेजमेंटमधली वीज वाचवायची खूण काढा. मॅकवर झाकण मिटण्याआधी डिस्क इजेक्ट करणं हाच खात्रीचा मार्ग.

3.5 इंची डिस्कला स्वतःचा अडॅप्टर असतो. गुरुवारी महावितरणने दुरुस्तीसाठी वीज बंद केली की लॅपटॉप बॅटरीवर तगतो, डिस्क तुटते, आणि बोल मात्र स्लीपला लागतो. तो अडॅप्टर यूपीएसवर लावा.