थोरला सांतो आणि धाकटा सांतो: मुखवटा एक, पैलवान दोन

चंदेरी मुखवटा, डोळ्यांपाशी थेंबाच्या आकाराची भोकं, पाठीवर चंदेरी झूल. मेक्सिकन कुस्तीचा असा फोटो इंटरनेटवर सापडतो तेव्हा त्याखाली बहुतेक वेळा नुसतं 'एल सांतो' लिहिलेलं असतं. मग 1952 च्या कृष्णधवल फोटोतला दणकट गडी आणि 1997 च्या रंगीत व्हिडिओत दोरांमधून झेपावणारा चपळ पैलवान हा एकच माणूस आहे, असं वाटून जातं. प्रत्यक्षात हे बापलेक आहेत. बाप एल सांतो, मुलगा एल इहो देल सांतो, म्हणजे शब्दशः 'सांतोचा मुलगा'. दोघांची कारकीर्द एकमेकींत इतकी मिसळली गेली आहे की दोघांवरही अन्याय होतो. मुलावर जरा जास्तच.

आधी खेळाबद्दल थोडं. मेक्सिकोतल्या या कुस्तीला 'लुचा लिब्रे' म्हणतात. ही आपली मातीतली किंवा ऑलिंपिकची कुस्ती नव्हे. निकाल आधी ठरलेले असतात, पण झेपा, पडणं आणि दुखापती खऱ्या असतात. पैलवानांचे दोन पक्ष असतात: नियम मोडणारे 'रुदो' आणि नियमाने, कौशल्याने लढणारे 'तेक्निको'. सगळ्यात मोठी लढत पैजेची. त्यात हरणाऱ्याला रिंगमध्येच मुखवटा उतरवावा लागतो, त्याचं खरं नाव जाहीर होतं आणि रिवाजाप्रमाणे तो मुखवटा त्याला पुन्हा घालता येत नाही. मुखवटा नसलेला पैलवान आपले केस पणाला लावतो. निकाल ठरलेला असला तरी गेलेला मुखवटा खरोखरच जातो, म्हणून या पैजेला वजन आहे.

थोरल्या सांतोचं खरं नाव रोदोल्फो गुस्मान उएर्ता. जन्म 23 सप्टेंबर 1917, इदाल्गो राज्यातल्या तुलान्सिंगो गावी. चंदेरी मुखवटा त्याला पहिल्याच दिवशी मिळाला नाही. आधी तो स्वतःच्या नावाने लढला, मग 'लाल माणूस' झाला, मग 'दुसरा वटवाघूळ'. मूळचा वटवाघूळ, म्हणजे मुर्सिएलागो वेलास्केस, याने तक्रार केली आणि ते नावही सोडावं लागलं. 26 जुलै 1942 रोजी मेक्सिको सिटीत तो पहिल्यांदा एल सांतो म्हणून उतरला. नावाने संत, पण लढायचा रुदो म्हणून! पुढची वीसेक वर्षं तो रुदोच होता. 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला तो तेक्निकोंच्या बाजूला आला. आज सगळे त्याला दुष्टांचा कर्दनकाळ म्हणून ओळखतात, त्यामुळे ही गोष्ट सहसा कुणाच्या लक्षात राहत नाही.

त्याच्या कारकिर्दीचं वळण 7 नोव्हेंबर 1952 चं. त्या रात्री त्याने ब्लॅक शॅडोचा मुखवटा जिंकला. मुखवट्याच्या पैजांच्या इतिहासात ही लढत आजही पहिल्या रांगेत धरली जाते. ब्लॅक शॅडोचा जोडीदार ब्लू डेमन यातूनच सांतोचा कायमचा प्रतिस्पर्धी झाला. त्याच वर्षी होसे जी. क्रूस याने सांतोवर फोटो जोडून केलेली चित्रकथा सुरू केली. ज्यांनी कधी आखाड्याचं तिकीट काढलं नव्हतं, त्यांच्याही हातात सांतो पोचला.

मग सिनेमा. त्याच्याच टोपणनावाचा, 'चंदेरी मुखवटेवाला' या अर्थाचा पहिला चित्रपट 1950 च्या दशकात आला खरा, पण त्यात सांतो नाहीच. मुख्य भूमिका एल मेदिको आसेसिनो या दुसऱ्या पैलवानाने केली. सांतो पडद्यासाठी उभा राहिला तो 1958 मध्ये, क्यूबात चित्रित झालेल्या दोन चित्रपटांत. त्यानंतर पन्नासावर चित्रपट झाले. रक्तपिपासू स्त्रिया, ममी, वेडे शास्त्रज्ञ, सगळ्यांशी तो लढला, आणि प्रेयसीला भेटतानाही मुखवटा तसाच. कमी पैशांत, घाईत काढलेले हे चित्रपट मला मनापासून आवडतात, कारण त्यांत मुखवट्याचं स्पष्टीकरण कुणीच मागत नाही. पैलवान लोकदैवत झाला तो इथे.

12 सप्टेंबर 1982 रोजी तो निवृत्त झाला. जानेवारी 1984 च्या अखेरीस हाकोबो साब्लुदोव्स्की यांच्या टीव्ही कार्यक्रमात त्याने मुखवटा थोडासा वर उचलून चेहऱ्याचा काही भाग दाखवला. 5 फेब्रुवारी 1984 रोजी हृदयविकाराच्या झटक्याने तो गेला. त्याला मुखवट्यासकट पुरलं.

दोघांची गल्लत होते ती नेमकी 1982 च्या सांध्यावर. बाप सप्टेंबरमध्ये थांबला आणि मुलगा ऑक्टोबरमध्ये त्याच चंदेरी रूपात उतरला. प्रेक्षकांना मुखवटा सलग दिसत राहिला, आतला माणूस तेवढा बदलला. त्याच सुमाराच्या एका चित्रपटात तर बाप स्वतःच्या हाताने मुलाला मुखवटा सोपवताना दिसतो.

धाकट्याचं नाव होर्हे गुस्मान, जन्म 2 ऑगस्ट 1963, दहा भावंडांतला शेवटचा. आधी शिक्षण, मग कुस्ती, अशी वडिलांची अट होती. त्याने इबेरोअमेरिकाना विद्यापीठात संज्ञापनाचं शिक्षण घेतलं. वडिलांचं नाव लावण्याआधी तो 'एल कोराक' या नावाने काही लढती लढला होता.

अंगाने तो वडिलांपेक्षा लहान, आणि त्याची कुस्तीही निराळी. थोरला ठोशांचा, पकडीचा, जरबेचा पैलवान. धाकट्याची ओळख म्हणजे दोरांमधून थेट रिंगबाहेरच्या प्रतिस्पर्ध्यावर डोक्याने मारलेला सूर. पाठीवर बसून हनुवटी मागे खेचायची 'घोडेस्वारी'ची पकड मात्र दोघांचीही. ती बसवल्याचं श्रेय गोरी गुएरेरोला दिलं जातं, आणि इथे गुएरेरो घराणं या कथेत येतं.

डब्ल्यूडब्ल्यूई पाहिलेल्यांना एडी गुएरेरो आठवत असेल. गोरी हा त्याचा बाप. 1940 च्या दशकात गोरी आणि थोरला सांतो यांची 'अणुजोडी' गाजली. 1990 च्या दशकात एडी आणि धाकट्या सांतोने बापांची जोडी पुन्हा बांधली. मग एडीने दगा दिला आणि अमेरिकन पैलवान आर्ट बारशी हातमिळवणी केली. 6 नोव्हेंबर 1994 रोजी लॉस एंजलिसमध्ये धाकटा सांतो नि त्याचा मुखवटेधारी जोडीदार ओक्तागोन यांनी मुखवटे, तर एडी आणि बारने केस पणाला लावले. केस गेले. त्या रात्रीची लढत एकदा पूर्ण पाहावी. वडिलांची पुण्याई कामी आली असेल, पण चौघांची ती लय पुण्याईने येत नाही.

निग्रो कासास हा धाकट्याचा खरा जोडीचा पैलवान. 1987 मध्ये लॉस एंजलिसच्या ऑलिंपिक ऑडिटोरियममध्ये धाकट्याने त्याचे केस जिंकले. 1996 मध्ये त्याने धाडस केलं: कासासवर हल्ला करून तो रुदो झाला. चंदेरी मुखवट्याला लोक शिव्या देऊ लागले. बाप रुदोचा तेक्निको झाला होता. मुलगा उलट्या वाटेने गेला. सप्टेंबर 1997 मध्ये मेक्सिको सिटीच्या आरेना मेहिकोत कासासचे केस पुन्हा गेले. मुखवटा बापानेही गमावला नाही, मुलानेही नाही.

माझं मत स्पष्ट आहे. रिंगमधल्या कसबात मुलगा बापाच्या पुढे गेला. पण मुखवट्याला अर्थ दिला तो बापाने, आणि ते काम दुसऱ्यांदा करता येण्यासारखं नव्हतं. म्हणून 'मोठा कोण' असं विचारण्यापेक्षा 'कशात मोठा' असं विचारावं.

समोर आलेला सांतो कोणता, हे कळायला साल पाहावं. 1982 च्या आधीचा असेल तर बाप. एडी, कासास किंवा ओक्तागोन दिसले तर मुलगा. तिसऱ्या पिढीत मात्र गुंता वाढला आहे. आक्सेल नावाच्या पैलवानाने 'सांतोचा नातू' ही ओळख लावली. तो खरोखरच नातू आहे, पण नावाच्या हक्कावरून धाकट्या सांतोने त्याला विरोध केला आणि प्रकरण कोर्टकचेरीत गेलं. 2016 पासून चंदेरी मुखवट्यात आणखी एक तरुण उतरतो. पोस्टरवर 'सांतो ज्युनियर' असं लिहिलेलं असलं, तर तो थोरल्याचा मुलगा नव्हे. तो धाकट्याचा मुलगा.