समस्यापूर्तीपासून रोजनिशीच्या चिठ्ठीपर्यंत

नव्या वहीत पहिला आठवडा उठणं, ऑफिस, जेवण, झोप यांच्या नोंदींत जातो. दुसऱ्या आठवड्यात लिहिण्यासारखं काही उरलं नाही असं वाटतं आणि वही कपाटात जाते. त्यावर उपाय म्हणून प्रॉम्प्ट देतात: एखादा प्रश्न, अर्धवट वाक्य किंवा वस्तू, आणि त्यावर दहा मिनिटं लेखन. या पद्धतीचं एक जुनं रूप इंदूरपासून तासा-दीड तासावरच्या धारमध्ये सापडतं.

अकराव्या शतकात राजा भोजाची राजधानी तिथे होती. त्याच्या दरबाराच्या कथा बल्लाळाच्या ‘भोजप्रबंधा’त आणि लोकांच्या तोंडी आहेत. बल्लाळ सोळाव्या शतकातला, शिवाय तो कालिदासालाही भोजाच्या दरबारात बसवतो. म्हणून या कथा इतिहास म्हणून धरता येत नाहीत. समस्यापूर्तीची रीत मात्र अशा कथांतून नीट कळते. श्लोकाचा एक चरण, बहुधा शेवटचा, द्यायचा आणि बाकीचे कवीने रचायचे. तोंडी कथांतली प्रसिद्ध समस्या आहे ‘ठंठंठठंठं ठठठं ठठंठः’. नुसता आवाज, अर्थ काहीच नाही. उत्तरात अभिषेकाचं पाणी आणणारी तरुणी येते, तिच्या हातून सोन्याचा घडा सुटतो आणि पायऱ्यांवरून गडगडत जातो. त्याचा हा नाद. छंद आणि शेवट ठरलेले होते, म्हणूनच बाकीच्या चरणांत कल्पनेला वाव मिळाला. चांगला प्रॉम्प्ट आजही असाच बांधावा लागतो: एक टोक घट्ट, बाकी मोकळं. पण दरबारात परीक्षक होता, बक्षीस होतं. उत्तर कोण वाचणार, यावरच या प्रकाराचा पुढचा इतिहास फिरतो.

आस्थेने विचारणारा भेटला की काय उतरतं, हे गोडसे भटजींच्या लेखनात दिसतं. वरसईचे भिक्षुक विष्णुभट गोडसे १८५७ मध्ये उत्तरेकडे निघाले. महूच्या वाटेवर त्यांना शिपायांकडून उठावाची बातमी कळली, पुढे झाशीचा वेढा त्यांनी आतून पाहिला. ही हकीकत कागदावर आली ती इतिहासलेखक चिंतामणराव वैद्यांनी लिहून मागितली म्हणून. ‘माझा प्रवास’ छापून निघाला १९०७ मध्ये. त्यात लढाईइतकीच जागा दानदक्षिणेला, जेवणाला आणि पाण्याच्या हालांना आहे.

शाळेने हाच खेळ उलट्या दिशेने नेला. ‘सूर्य उगवला नाही तर’, ‘फाटक्या पुस्तकाचे मनोगत’ हे निबंधाचे विषय प्रॉम्प्ट म्हणून पहिल्या दर्जाचे आहेत. पण त्यांच्याखाली मुद्दे छापले गेले, गाईडमध्ये नमुना उत्तरं आली आणि फाटकं पुस्तक पिढ्यान्‌पिढ्या एकाच आवाजात बोलत राहिलं. दोष विषयांचा नाही, त्यांना जोडलेल्या गुणांचा आहे. घरच्या वहीत ते आजही चालतात, फक्त वस्तू स्वतःची हवी: कुठलं तरी पुस्तक नको, आजोबांचं पंचांग घ्या.

युरोपात एकोणिसाव्या शतकात पाहुण्यांपुढे छापील प्रश्नांचे अल्बम ठेवत: आवडता गुण, आवडतं फूल, सर्वांत मोठं दुःख. फ्रेंच कादंबरीकार मार्सेल प्रूस्तने किशोरवयात, १८८० च्या दशकात, मैत्रिणीच्या अल्बममध्ये दिलेली उत्तरं इतकी गाजली की तशा प्रश्नावलीला आज त्याचंच नाव आहे. दहावीच्या निरोपाला फिरणारी स्लॅम बुक याच जातीची. तिथे उत्तर एका शब्दात संपतं आणि वर्गभर वाचलं जातं, म्हणून मनातलं क्वचितच येतं.

अमेरिकेत १९६० नंतर दोन वाटा ठळक झाल्या. मानसशास्त्रज्ञ आयरा प्रोगॉफ यांनी १९६६ पासून चिंतनाची वाट पद्धतशीर बांधली: विभागवार वही, आयुष्यातले आठ ते बारा टप्पे एकेका ओळीत, मग त्यांतला एक निवडून सविस्तर लेखन; शिवाय शरीराशी, कामाशी, गेलेल्या माणसाशी लेखी संवाद. दुसरी वाट खेळाची. कवी केनेथ कोक यांनी १९६८ मध्ये न्यूयॉर्कच्या एका प्राथमिक शाळेत मुलांना प्रत्येक ओळ ‘मला वाटतं की असं व्हावं’ अशा सुरुवातीने लिहायला लावली. चित्रकार-लेखक जो ब्रेनार्ड यांचं १९७० चं पुस्तक तर ‘मला आठवतं’ एवढ्याच शब्दांवर उभं आहे.

औषध म्हणून लेखनाचा बोलबाला झाला तो मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील यांच्या १९८६ च्या प्रयोगानंतर. विद्यार्थ्यांनी सलग चार दिवस, रोज १५ मिनिटं, मनाला लागलेल्या घटनेवर लिहिलं. घटना आणि भावना दोन्ही लिहिणारे पुढच्या सहा महिन्यांत आरोग्यकेंद्रात कमी वेळा गेले. पण लिहून झाल्यावर लगेच त्यांचं मन जास्त जड झालं होतं, ही गोष्ट सांगायची राहून जाते. २००६ मध्ये १४६ अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा फायदा खरा पण सरासरीने लहान निघाला. म्हणून जड प्रॉम्प्ट झोपण्याआधी घेऊ नये, आणि जखम अगदी ताजी असेल तर तो बाजूलाच ठेवावा.

घरी एकेका चिठ्ठीवर एकेक प्रॉम्प्ट लिहून डब्यात ठेवावा आणि रोज एक उचलावी. सुरुवात करायला २० चिठ्ठ्या पुरतात: १४ खेळकर, ६ चिंतनाच्या. उलट प्रमाण ठेवलं की डब्यात हात घालायचीच धास्ती वाटू लागते. ‘आयुष्याचा अर्थ काय’ असली चिठ्ठी नको. इतक्या मोठ्या प्रश्नावर माणूस सुविचारच लिहितो. ‘का’पेक्षा ‘कधी, कुठे, कुणासमोर’ विचारावं, कारण ‘का’ विचारलं की लिहिणारा स्वतःची बाजू मांडत बसतो. ‘यंदाचा पहिला गराडू (इंदुरातला तळलेला कंद) कुणाबरोबर खाल्ला?’, ‘इंदूरच्या राजवाड्यासमोर डोळे मिटले तर सगळ्यांत आधी काय ऐकू येतं?’ अशा चिठ्ठीवर पहिलं वाक्य लगेच सुचतं. चिठ्ठी पसंत नसेल तर एकदाच बदलायची. जास्त वेळा बदलली तर दहा मिनिटं निवडण्यातच जातात. उत्तराच्या वर तारीख आणि प्रॉम्प्ट दोन्ही उतरवावेत, नाहीतर वर्षभराने स्वतःचंच पान कळत नाही.

इंदूरच्या मराठी घरांत आणखी एक अडचण येते. स्वयंपाकघरात मराठी, सराफ्यात हिंदी, शाळेत इंग्रजी. शुद्ध मराठीत लिहायचं ठरवलं की हात थांबतो. मराठी-हिंदीची लिपी एकच आहे. आठवणीतलं माणूस हिंदीत बोललं असेल तर त्याचं वाक्य हिंदीतच ठेवावं आणि दहा मिनिटं संपेपर्यंत काहीही खोडू नये. या घरांसाठी एक चिठ्ठी मुद्दाम लिहून ठेवण्यासारखी आहे: ‘अशी कोणती गोष्ट मी फक्त मराठीतच बोलतो, आणि कुणाशी?’